थोरलीचा पट्टा

क्रेनचं चुंबक भंगाराच्या ढिगावर टेकलं आणि वर उठताना लोखंड म्हणून जे काही होतं ते सगळं छातीशी कवटाळून घेऊन गेलं. जुने ब्रेक-ड्रम, ट्रॅक्टरचे गंजके सांधे, कुठल्याशा पंपाचं फुटकं पोट, सगळं. खाली राहिला एक तुकडा. ऑपरेटरनं चुंबक परत आणलं, नेमकं त्याच्यावर टेकवलं, उचललं. तुकडा जागच्या जागी. तिसऱ्यांदा टेकवलं तेव्हा शेडमधली चार-पाच माणसं हसली, कारण परवा विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून अजून ज्यांची झोप पुरी झालेली नाही त्यांना कशाचंही हसू येतं. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले दादासो मगदूम हसले नाहीत. ते उठून उभे राहिले. ऐंशीला टेकलेला माणूस खुर्चीतून एका झटक्यात उठला की आसपासच्यांना वाटतं, याला काहीतरी झालं. झालंच होतं. पंधरा पावलांवरून, मातीत अर्धवट रुतलेल्या त्या तुकड्याची कड त्यांनी ओळखली होती. गावच्या जत्रेत गर्दीतून एखादी पाठ ओळखू यावी तशी.

शिरोली एमआयडीसीतली ही फाउंड्री त्यांच्या मुलाची, केतनची. दादासो रोज सकाळी त्याच्या गाडीतून येत आणि दाराशी बसत. याला घरात 'देखरेख' म्हणत. देखरेख करा असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि नको असंही सांगायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे खुर्ची टिकून होती. बसल्या बसल्या ते माणसांचे पाय बघत. रणगाड्याचा ड्रायव्हर पुढं, खाली बसतो. झाकण उघडं ठेवलं तर जमिनीपासून छातीभर उंचीवर त्याचं डोकं असतं आणि जग त्याला गुडघ्यांपासून दिसायला सुरुवात होते. अठ्ठावीस वर्षांत ती नजर इतकी मुरली होती की दादासोंना माणसाचा चेहरा शेवटी आठवायचा. केतनच्या बुटांच्या टाचा बाहेरच्या अंगानं झिजलेल्या. हा माणूस उभा असतानाही निघालेला असतो. लॅबमधली तेजस्वी बुटांच्या नाड्यांना दोन गाठी मारते. ही पोरगी चूक करणार नाही आणि दुसऱ्याची सोडणार नाही. क्रेनवाल्याचा उजवा अंगठा सदा बुटातून वर. तो नवा बूट मागायला लाजतो आणि बाकी कशालाच लाजत नाही. अशी सगळ्या फाउंड्रीची कुंडली त्यांच्याजवळ होती. स्वतःच्या पायांकडे त्यांनी सहसा बघितलं नव्हतं.

ते वाकून तुकडा उचलायला लागले तशी तेजस्वी धावत आली. "आप्पा, हात नका लावू त्याला. बाजूलाच काढायला सांगणार होते मी. मॅंगनीज स्टील आहे ते. भट्टीत पडलं तर सगळा माल कडक येईल, आणि मशीनशॉपवाले मोडकी टूलं नाचवत माझ्या नावानं शंख करतील."

"चुंबकाला का लागत न्हाय गं?"

"त्याची जातच तशी. रगडा, ठोका, वरनं आणखी कडक होत जातं. पण चुंबकाला दाद देत नाही. कशाचा असेल हो हा?"

"पट्ट्याची कडी हाय. रणगाड्याच्या."

'रणगाडा' म्हटल्यावर तीनचार जण पुढं झाले, मोबाइल निघाले. केतनही आला. त्यानं तुकड्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं आणि घड्याळाकडे बघितलं. "भंगारवाल्याला परत देऊ. विषय संपला." सकाळपासून त्याचा हा चौथा विषय संपत होता. दादासोंनी कडीवरची माती अंगठ्यानं काढली. अर्धीच होती, एक कान शाबूत, दुसरा फाटलेला. शाबूत कानाच्या भोकात, जिथून पिन जाते त्या भोकात, त्यांनी बोट घातलं. गार होतं. आणि त्या गारव्याबरोबर डिझेल-पेट्रोलच्या, ग्रीसच्या, ओल्या उसाच्या आणि चार माणसांच्या घामाच्या वासाचा असा एक लोट नाकात शिरला की त्यांनी डोळे मिटून घेतले. हा तुकडा कुठल्या रणगाड्याचा, कुठल्या साली मोडीत निघालेला, किती भंगारखान्यांतून फिरत इथं आला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तो थोरलीचा नव्हता हे तर नक्कीच. थोरली सियालकोटच्या बाजूला एका उसाच्या फडात जळली, त्याला साठ वर्षं झाली.

थोरली हे तिचं घरातलं नाव. रेजिमेंटनं तिच्या बुरुजावर पांढऱ्या रंगात झोकदार नाव लिहिलं होतं, पण धैर्यशील सरनोबत पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "कसलं नाव मर्दा ते, आरतीला म्हणायचं. ही आपली थोरली." धैर्यशील तोफेवर, दादासो चालवायला, एक बिहारी गडी गोळे भरायला आणि वर बुरुजात कमांडर म्हणून राजस्थानकडचे रिसालदार साहेब. साहेबांचे वडील याच रेजिमेंटमध्ये घोड्यावर होते. घोडे जाऊन पंचवीस वर्षं झाली होती तरी रेजिमेंटच्या तोंडातून ते गेले नव्हते. शिपायाला सवार म्हणायचं, हवालदाराला दफादार; दसऱ्याला रणगाड्यांच्या पुढं जुनी खोगिरं मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, आणि मेसच्या भिंतीवर कुठल्याशा घोडीचा फोटो, तिच्या खाली तिचं नाव, जन्म आणि मृत्यू, माणसासारखं. धैर्यशीलला यात नवल वाटत नसे. त्याचा आजा कोल्हापूर संस्थानच्या पागेत होता. रणगाड्यावर चढायचं ते पुढूनच, ड्रायव्हरला दिसेल असं, हा नियम शिकवताना उस्ताद घसा फोडून ओरडत होते तेव्हा धैर्यशील हळूच म्हणाला, "आमचा आज्जा बी हेच सांगायचा. जनावराच्या मागनं जाऊ नये. त्याला तोंड दावावं, मग हात लावावा." आणि रोज सकाळी थोरलीवर चढण्याआधी तो तिच्या नाकाडावर दोन थापा मारी. पन्नास टनांच्या बयेला. पोरं हसत. महिन्याभरात सगळी पोरं आपापल्या रणगाड्याला थापा मारायला लागली, आणि कुणीही ते कबूल करत नव्हतं.

दादासोंना भरती व्हायला घरातून परवानगी मिळाली ती एका अटीवर. जयसिंगपूरपासून दोन कोसांवरचं गाव, जैन शेतकऱ्याचं घर, अंगणातून बस्तीचं, जैन मंदिराचं, शिखर दिसायचं. मुंगीवर पाय पडला तरी अव्वा, त्यांची आई, हात जोडायची. तिनं विचारलं होतं, "बंदूक झाडायची काय तुला?" "न्हाय अव्वा. मी निस्ता गाडी चालवणार." अव्वानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "गाडी चालवताना खाली बघत जा." एवढीच अट. पन्नास टनांची गाडी चालवणाऱ्याला खाली बघत जा म्हणणं म्हणजे पुराला जपून ये म्हणण्यासारखं, हे दादासोंना प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात कळलं. पण त्यांनी अट मोडली नाही. ते खाली बघत राहिले, आणि त्यातूनच पुढं सगळं झालं.

तुकडा त्यांनी बाजाराच्या पिशवीत घातला. "कुठं निघाला?" केतननं विचारलं. "उद्यमनगरात. सरनोबताकडं." "गाडी देतो की. अर्ध्या तासात मी..." "तुझा अर्धा तास मला ठावा हाय. विषय संपला." तेजस्वी तोंड फिरवून हसली.

केएमटीच्या बसमध्ये बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टरनं तिकीट फाडताना ती हलवून बघितली. "पावणं, दगूड घालून आणलाय काय?" "व्हय. डोक्यात घालायला." "कुणाच्या?" "अजून ठरलं न्हाय." कंडक्टर खूश होऊन पुढं गेला. दादासोंनी खिशातला मोबाइल काढला, उघडला, परत ठेवला. आज क्षमावणी. दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं, अनंत चतुर्दशीचा उपवास सुटला, आणि आज ज्याची त्याची क्षमा मागायची. सकाळी सूनबाईनं, आदितीनं, सोफ्यावर बसून हातासरशी सगळ्या नंबरांना संदेश पाठवून दिला होता: वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. नातेवाइकांना, गॅसवाल्याला, दातांच्या डॉक्टरला. डॉक्टरकडून उलट संदेश आला होता की आपली पुढची तारीख सोमवारी आहे. "मामा, तुमच्या फोनवरनं पण पाठवला सगळ्यांना," आदिती म्हणाली होती, "ते मिलिट्रीतले सरनोबत आहेत ना, त्यांना पण."

त्यांना पण. आदितीच्या आधी छापील कार्डं होती. वर हात जोडलेले, खाली 'मगदूम परिवार'. त्याच्या आधी पंधरा पैशांची पोस्टकार्डं. धैर्यशील फौज सोडून आल्यापासून एक भाद्रपद चुकला नव्हता. दादासो जिथं असतील तिथून, अंबाल्याहून, बबिन्याहून, झाशीहून, धैर्यशीलला क्षमेचं कार्ड गेलं होतं. कळत-नकळत. शब्द मोठे सोयीचे असतात. सगळ्या गावाची क्षमा मागणाऱ्या माणसाला त्यात एका माणसाची मागायची राहिली तर ती कुणाच्या लक्षात येत नाही, मागणाऱ्याच्या सोडून. आणि आठवड्यापूर्वी शालूबाईंचा, धैर्यशीलच्या बायकोचा, फोन आला होता. "भावजी, आम्ही निघालो बेंगळूरला, लेकीकडं. कायमचं. वर्कशॉप इकलं. क्षमावणीच्या दुसऱ्या दिवशीची गाडी हाय. येऊन जावा की एकदा." येतो म्हणाले होते. आठवडाभर त्यांना रोज काहीतरी काम निघालं होतं. उद्या सकाळची गाडी.

बस तावडे हॉटेलपाशी अडली. रस्त्याकडेला मंडपाचे बांबू, गुलालानं लाल झालेली माती, एका ट्रॉलीवर रिकामा पाट. दादासोंनी पिशवीवर दोन्ही हात ठेवले. डावा हात, डावा दांडा. उजवा हात, उजवा दांडा. थोरलीला चाक नव्हतं, दोन दांडे होते, लगामासारखे. ज्या बाजूचा ओढाल तिकडं ती वळायची. त्या सकाळी ऊस डोक्याच्या वर होता. पंजाबातला ऊस आपल्या उसासारखाच लागतो, पात्यानं गाल कापतो, म्हणून उघड्या झाकणातून बघताना ते डोळे बारीक करून होते. कानात रिसालदार साहेबांचा आवाज: चलो, चलो, रुकना नहीं. पोटात कालचा चतुर्दशीचा उपवास, कुणाला न सांगता धरलेला. सांगितला होता फक्त धैर्यशीलला, आणि त्यानं उपवास सुटायच्या आशेनं दोन रोट्या इंजिनाच्या जाळीवर फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. हे त्याचं नेहमीचं. दादासो दिवस मावळल्यावर खात नाहीत हे कळल्यापासून तो रोज संध्याकाळी, मोहीम असो की कवायत, कुठूनतरी ओरडायचा, "दाद्या, दिस बुडाय आला, घे!" आणि इंजिनाच्या उबेवर गरम झालेली रोटी अंगावर फेकायचा. पेट्रोलचा वास यायचा रोटीला. त्या वासाशिवाय रोटी गोड लागत नाही अशी दादासोंना सवय झाली. पुढं लग्न झाल्यावर बायकोला हे सांगायची मात्र सोय नव्हती.

ऊस एकदम संपला. समोर रहाट, चिखल, आणि दहा पावलांवर खुंट्याला बांधलेली म्हैस. माणसं गाव सोडून गेली होती. म्हशीचं दावं सोडायचं राहिलं होतं. तिच्या पोटाखाली रेडकू. म्हैस वळून बघत होती. म्हशीला भीती दाखवता येत नाही, ती नुसती बघते. दादासोंच्या डाव्या हातानं दांडा ओढला. आधी ओढला, मग कळलं. त्या वेगात, त्या चिखलात, एवढं कडक वळण कुठल्याच रणगाड्यानं घेऊ नये, आणि हे शाळेतल्या पोरालाही ते शिकवू शकले असते. थोरली किंचाळली. पट्टा चाकांवरून आतल्या बाजूला उतरला आणि ती बसली, कायमची. पहिला गोळा समोर पडला, दुसरा बुरुजाला घासून गेला, साहेब ओरडले, निकलो, आणि चौघं चार वाटांनी उसात घुसले. तिसऱ्या गोळ्यानं थोरली पेटली. दादासो सरपटत होते. मागं बघितलं नाही. मागे काय झालं, म्हैस राहिली की गेली, त्यांना कधीच कळलं नाही. ओढ्यात तिघं जमले. धैर्यशीलचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासानं तो आला, दोन्ही तळहातांची सालं निघालेली. "तापलेल्या पत्र्याला हात लागला," म्हणाला, "वाट बी चुकली." साहेबांनी त्याला आधी शिवी दिली आणि मग छातीशी धरलं.

युद्ध थांबल्यावर एका आंब्याखाली टेबल मांडून चौकशी झाली. रणगाडा गेला, का गेला ते कागदावर यायला हवं. पट्टा का उतरला? दादासो सावधान उभे. शिक्षेची भीती नव्हती असं नाही, पण ती खरी भीती नव्हती. खरी भीती हसण्याची. म्हशीपायी टँक घालवला, शाकाहारी टँक, रेजिमेंट असेतोवर हे पुरलं असतं. दर दसऱ्याला, दर मेसमध्ये, नव्या पोरांना बोट दाखवून. वीस वर्षांच्या माणसाला मरण परवडतं, हसू परवडत नाही. ते म्हणाले, "पिन गई होगी, साब." एवढंच. आदल्या संध्याकाळी डाव्या पट्ट्याची पिन धैर्यशीलनं बदलली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी धैर्यशीलकडे बघितलं. धैर्यशील समोर बघत होता. तो काही बोलला नाही. त्याच्या दंडावर चढायची पट्टी राहिली ती राहिलीच. सात वर्षं भरल्यावर तो साधा सवार म्हणूनच कोल्हापूरला परतला, आणि दादासो पायऱ्या चढत रिसालदार झाले. घराच्या पाटीवर तसं लिहिलंय: रिसालदार (निवृत्त). पितळी अक्षरं. दर दिवाळीला चिंचेनं घासायची.

उद्यमनगरात उतरून ते चालू लागले. इथं धैर्यशीलचं वर्कशॉप होतं, पन्नास वर्षं. माजी सैनिकांच्या मेळाव्यात त्याला 'पिनवाला' म्हणत आणि तो स्वतःच आधी हसायचा: "आमच्या हातनं एक पिन ढिली ऱ्हायली, तवापास्नं एक बी न्हाय." खरंच नव्हती. गडहिंग्लजपासून इस्लामपूरपर्यंतचे लोक म्हणत, सरनोबताच्या हातचा बोल्ट बसला की बसला. कधीकधी, मेळाव्यात त्याच्या शेजारी जेवताना, दादासो स्वतःची समजूत घालत: त्या खोट्यानं बिघडलं काय? माणूस हुशार झाला उलट. या समजुतीला इतकी वर्षं वापरलं होतं की ती मधोमध झिजून आरपार दिसायला लागली होती. आता तर एक नवीच शंका पोटात होती. या माणसानं एका ढिल्या पिनेवर सगळा जन्म उभा केला. आपण आत्ता जाऊन ती पिनच नव्हती म्हणालो, तर त्याला देतोय की त्याचं काढून घेतोय?

घर वर्कशॉपच्या मागं. मागल्या बोळातून गेलं तर स्वयंपाकघर जवळ पडतं. दादासो दरवेळी तिकडूनच यायचे, शालूबाईंच्या हातचा चहा घ्यायचे आणि पुढच्या खोलीत धैर्यशीलशी पाच मिनिटं बोलून निघायचे. बोळाच्या तोंडाशी ते थांबले. मग वळसा घालून पुढच्या दारानं गेले, जिथून आत बसलेल्याला येणारा लांबून दिसतो.

धैर्यशील पुढच्या खोलीत, बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध लोखंडी खुर्चीत बसला होता. अंगात बंडी, चष्मा कपाळावर. "आला काय रिसालदार! मागलं दार मोडलं काय आमचं?"

"उगंच आलो हिकडनं."

"सकाळी आलं तुझं उत्तम क्षमा. हात जोडल्याली बाई बी आली त्यात, गुलाब बी. पूर्वी कार्डावर गुलाब नव्हता."

"सुनंनं पाठवलं."

"तेच म्हणलं. तुझं अक्षर कळतंय मला." तो पिशवीकडे बघत होता. "काय आणलंस? पेढं न्हाईत, लईच जड दिसतंय."

दादासोंनी कडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. धैर्यशीलनं चष्मा खाली घेतला. कडीच्या पाठीवर, नकळत, दोन थापा मारल्या. मग त्याचा अंगठा शाबूत कानावरून फिरला, भोकात शिरला, बाहेर आला, फाटलेल्या कानाकडे गेला आणि तिथं थांबला. आतून शालूबाईंच्या परातीचा आवाज येत होता.

"पिनंचं भोक गोल हाय," धैर्यशील म्हणाला. "पिन ढिली असली तर भोक लांबट होतंय, खात जातंय. ही पिन शेवटपतूर घट्ट हुती. कान फाटलाय तो आडव्या ओढीनं. कुणीतरी कडक वळण घेतलंय मर्दा." त्यानं मान वर केली. "कुणाचा का असंना. असं फाटतंय ते मला पन्नास वर्सं झाली कळून. आपल्या थोरलीचा पट्टा बी जळल्यावर बघितलाय मी, साहेबांच्या मागनं गेलतो तवा."

दादासोंनी खोक्याला हात टेकला. बसमध्ये जुळवलेलं वाक्य मोठं होतं, त्यात अज्ञान होतं, वय होतं, अव्वा होती. त्यातलं काहीच वर आलं नाही.

"म्हस हुती," ते म्हणाले. "खुंट्याला बांधल्याली. रेडकू हुतं तिच्याखाली. मी वळवली. तुझी पिन घट्ट हुती, धैर्या. मी खोटं बोललो."

धैर्यशीलनं हळूच कडी खाली ठेवली आणि दोन्ही हात उलटे करून मांडीवर मांडले, तळवे वर. म्हाताऱ्या, काळपट तळव्यांवर ग्रीस मुरलेलं. पण मधोमध, दोन्हीकडे सारखीच, एक गुळगुळीत तिरपी रेघ होती जिच्यात ग्रीससुद्धा शिरलं नव्हतं. तापलेल्या पत्र्यानं माणूस भाजतो तेव्हा अशी रेघ उठत नाही. दोर हातातून सरकला की उठते.

"इळा नव्हता," धैर्यशील म्हणाला. "दाव्याची गाठ पावसानं फुगलेली. दातानं ढिली केली आणि वढली. तवर ती बया बुजली, मला फरफटत न्हेलं तिनं पन्नास पावलं. म्हशीनंच वाचवला म्हण. मागं गोळं पडत हुतं."

"आणि रेडकू?"

"गेलं की तिच्या मागनं. उसात. शेपूट वर करून."

दादासो खोक्यावर बसले. साठ वर्षं ते म्हैस मेलेली बघत आले होते; स्वप्नात, बस्तीत, नातीच्या बारशात. आता ती एकदम उठून चालू लागली तर तिला कुठं जागा करून द्यावी हे त्यांना समजेना. ते म्हणाले, "मग बोलला का न्हाईस तू? टेबलापुढं?"

"काय बोलू? तुझ्या म्हशीपायी आख्खी रेजिमेंट हसली असती, तू त्यातनं उठला नसतास. मला निस्तं ढिला म्हणाले. ढिल्याला पोटाला मिळतंय, मर्दा." तो थांबला. त्याचा आवाज खाली आला. "पर वाईट वाटलं न्हाय म्हणू नको. बाबांस्नी पत्र टाकलं हुतं मी, पट्टी मिळतीया म्हणून. त्यांनी पेठंत साखर वाटली हुती. ते परत सांगाय लागलं." आणि मग पुन्हा चढ्या सुरात, "आणि वर तुझी कार्डं! कळत-नकळत! दरसाल वाटायचं, औंदा तरी म्हस येईल कार्डात. यायचं ते निस्तं जोडल्यालं हात."

दादासोंनी हात जोडले. शब्द तोच होता, गॅसवाल्याला गेलेला. पण तो म्हणताना त्यांचा आवाज मध्येच फाटला, आणि उरलेला अर्धा शब्द त्यांनी नुसत्या ओठांनी म्हटला. धैर्यशील खिडकीकडे बघत होता. खिडकीतून उद्यमनगरच्या पत्र्यांवर तिरपं ऊन आलं होतं, गुलालासारखं.

"ही कडी ऱ्हाऊ दे हितंच," तो म्हणाला. "बेंगळूरला न्हेतो. लेक म्हणंल म्हाताऱ्याला येड लागलं. म्हणू दे." मग आत तोंड करून ओरडला, "अगं ए, वाढ ह्याला! कांदा घातलायस काय?"

"न्हाई घातला," आतून शालूबाई म्हणाल्या. "आज तुमची क्षमावणी हाय ते मला म्हाईत हाय, भावजी. बसा. तव्यावरची टाकते."

भाकरी आली, फुगलेली, वाफ सोडणारी, पिठल्याची वाटी शेजारी. दादासोंचा हात ताटावर घुटमळला. त्यांनी खिडकीकडे बघितलं, सवयीनं.

"दिस हाय अजून वर, दाद्या," धैर्यशील म्हणाला. "घे."